म्हशीने खाल्लेले प्रश्न

ता. ३ डिसेंबर, बुधवार. वेळ सकाळी पावणेअकरा. स्थळ: आशाताई रेखा यांच्या घराचं अंगण.

हजर: मी (तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातली समुपदेशक), रेखा (गावची आशाताई, म्हणजे घरोघर फिरणारी आरोग्यसेविका), गयाबाई (रेखाच्या सासू), आणि चंद्री (गयाबाईंची म्हैस, खुंट्याला बांधलेली, रवंथ करत असलेली).

गैरहजर: गावातल्या चौसष्ट बायकांचे सगळे प्रश्न.

ही नोंद माझ्या वहीत अशीच्या अशी आहे. मी कुठंही गेले की आधी तारीख लिहिते, मग हजेरी, मग कामांची यादी. माझे यजमान सांगतात की स्वतःच्या लग्नातही मी सप्तपदीची पावलं मोजत होते. मोजत होते, कारण भटजी गडबडीत होते आणि सहावं पाऊल त्यांनी जवळजवळ गाळलंच होतं.

माझं काम काय, हे परभणीतल्या माझ्या शेजाऱ्यांना आजतागायत नीट ठाऊक नाही. ‘आरोग्य खात्यात आहे’ एवढ्यावर मी भागवते. खरं सांगायचं तर काम अगदी सोपं आहे. माणसाचं शरीर वयाप्रमाणे बदलतं. तेराव्या वर्षी बदलतं, पंचविसाव्या वर्षी बदलतं, पन्नाशीत पुन्हा बदलतं. प्रत्येक वेळी माणसाला वाटतं की हे जगात फक्त आपल्यालाच होतंय. त्याला खाली बसवून, पाणी देऊन, ‘बाबा रे, सगळ्यांना होतं’ असं सांगायचं, हे माझं काम. यासाठी मला पगार मिळतो, याचं अजूनही नवल वाटतं.

नववीतल्या एका मुलीने एकदा चिठ्ठीत विचारलं होतं, पाळी सुरू झाली की उंची वाढायची थांबते असं आत्या सांगते, मला तर पोलीस भरतीत जायचं आहे, तर पाळी दोन वर्षं पुढं ढकलण्याचा अर्ज कुणाकडे करायचा? मी तिला सांगितलं की उंची लगेच थांबत नाही, वेग कमी होतो, आणि अर्ज घेणारं कार्यालय अजून उघडलेलं नाही. एका मुलाचा आवाज फुटला होता. प्रतिज्ञा म्हणताना ‘भारत माझा’ जाड आवाजात निघायचं आणि ‘देश आहे’ बारीक. वर्ग हसायचा, म्हणून त्याने शाळेत बोलणंच सोडून दिलं होतं. मी त्याच्या चित्रकलेच्या सरांना गाठलं. सरांचा आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसावीत. त्यांनी वर्गासमोर उभं राहून, आपला आवाज नववीत कसा फाटला होता, ते बारकाव्यांसह म्हणून दाखवलं. पोरं हसून हसून बाकाखाली गेली आणि दुसऱ्या दिवशी तो मुलगा पुन्हा बोलायला लागला. मानवतहून एकदा एक नवं जोडपं सल्ल्यासाठी आलं ते आठ माणसं घेऊन. मी नवरीला काही विचारलं की सासू उत्तर द्यायची. शेवटी मी सासूबाईंना शेजारच्या खोलीत नेऊन, सगळ्या नातेवाइकांची वजनं घेऊन लिहायचं काम दिलं. काम त्यांनी इतकं चोख केलं की दवाखान्यातला शिपाईसुद्धा मोजून घेतला. तोपर्यंत इकडे नवराबायको दहा मिनिटं बोलले, आणि त्यांना खरोखर हवी होती ती तेवढीच दहा मिनिटं.

तर हा असा धंदा. आता त्या बुधवारकडे येते.

शाळेतली मुलं चिठ्ठी लिहितात. त्यांचा नियम असा की प्रत्येकाने डब्यात चिठ्ठी टाकायचीच, प्रश्न नसेल तर कोरी. म्हणजे कुणी विचारलं ते कळत नाही. पण गावातल्या कितीतरी बायांना लिहिता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांना आपलं अक्षर ओळखू येईल याची धास्ती. मग मी धान्याची पद्धत काढली. ज्वारीचा दाणा म्हणजे पाळीबद्दल विचारायचंय. तुरीचा दाणा म्हणजे अंगावरून जातं, खाज आहे, जळजळ आहे. हरभरा म्हणजे मूल: हवं असो नाहीतर नको असो. सरकी, म्हणजे कापसाचं बी, ते नवराबायकोच्या जवळिकीबद्दल, जे कुठंच बोलता येत नाही त्याबद्दल. आणि ज्या बाईचं सगळं बरं आहे तिने गहू टाकायचा. झाकणाला भोक पाडलेला एक पत्र्याचा डबा. रेखा तो घरोघर, शेतोशेत नेते. बाई मूठ आवळून आत घालते, मोकळी करून बाहेर काढते; जितके प्रश्न तितके दाणे. मग मी दाणे मोजते आणि त्या महिन्यात कशावर बोलायचं ते ठरवते.

आणि एक खूण सगळ्यांत महत्त्वाची. बांगडीचा तुकडा. त्याचा अर्थ: मला एकटीला भेटा, लवकर भेटा. बांगडीचा तुकडा निघाला तर मी दुसरं सगळं काम बाजूला ठेवते. एकदा मी तसं केलं नव्हतं, पुढच्या खेपेला बघू म्हटलं होतं. त्या बाईला परभणीच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं, रक्त चढवावं लागलं. ती वाचली, पण मला ते विसरता येत नाही. तेव्हापासून तुकडा निघाला की त्याच दिवशी.

माझा आणखी एक नियम होता: भरलेला डबा गावात मुक्कामी ठेवायचा नाही. त्या खेपेला मी तो मोडला. सोमवार-मंगळवार मला परभणीत बैठक होती. मी रेखाला फोनवर सांगितलं की तू डबा फिरव आणि घरी ठेव, मी बुधवारी येते. बुधवारी एस.टी.ने वालूरला उतरले, तिथून टमटममध्ये वीस मिनिटं एका कोंबडीच्या खुराड्याशेजारी बसून गावात आले, आणि अंगणात पाय ठेवला तर समोर डबा. घासूनपुसून लख्ख केलेला आणि उन्हात पालथा घातलेला.

रेखा डोक्याला हात लावून उंबऱ्यावर बसली होती. गयाबाई मात्र खुशीत होत्या. मी विचारलं, आतलं कुठं गेलं?

“काय ते मिसळून ठेवलं होतं बाई,” गयाबाई म्हणाल्या. “म्हनलं सुनंला घाई आसंल. सुपात घेऊन निवडलं. ज्वारी ज्वारीत टाकली, तूर तुरीत टाकली. ज्वारी तर सकाळी गिरनीतून दळून बी आली.”

“आणि सरकी?”

“सरकी मानूस खातंय व्हय? चंद्रीला घातली. लय होती. आज दूद बी चांगलं दिलं तिनं.”

मी चंद्रीकडे पाहिलं. चंद्रीने माझ्याकडे पाहिलं. गावातल्या बायांनी जन्मात कुणाला न सांगितलेलं सगळं तिच्या पोटात होतं आणि ती शांतपणे ते पुन्हा पुन्हा चावत होती. इतकी वर्षं मी समुपदेशन करते, पण असं लक्ष देऊन ऐकून घेणारं माझ्या पाहण्यात दुसरं कुणी नाही.

मला हसू आवरेना. रेखाला आधी रडू येत होतं, मग तिलाही हसू आलं. गयाबाई आम्हा दोघींकडे, या बायांना काय झालं, अशा नजरेने बघत राहिल्या. पण मी वही उघडली, कारण निवडणाऱ्या बाईला दाण्यांचा अंदाज पक्का असतो. गयाबाईंनी सांगितलेलं मी लिहून घेतलं: ज्वारी दोन चिमट्या. तूर एक चिमटी, दोन दाणे किडके. हरभरे पाच-सहा, त्यातला एक फुटाणा निघाला, तो त्यांनी खाल्ला. गहू अगदीच थोडा. सरकी ओंजळभर.

गहू थोडा आणि सरकी ओंजळभर. चौसष्ट बाया. मी पेन खाली ठेवलं. खरं तर सरकीचा तास माझ्या यादीत दरवेळी शेवटी असायचा. पाळी, रक्तवाढीच्या गोळ्या, स्वच्छता, पाळणा लांबवणं, हे सगळं होईपर्यंत एस.टी.ची वेळ व्हायची आणि सरकी राहायची. बायाही काही म्हणायच्या नाहीत. फक्त दर महिन्याला टाकायच्या.

तेवढ्यात गयाबाईंना आठवलं. डब्यात एक बांगडीचा तुकडाही होता. म्हशीच्या तोंडात जायला नको म्हणून त्यांनी तो चुलीमागच्या राखेत टाकला होता.

माझं हसू तिथंच थांबलं. रेखा उठून आत पळाली आणि राखेतून तुकडा काढून आणला. हिरवा, त्यावर सोनेरी ठिपके. नवा कोरा.

“ही तर कुसुमच्या घरची,” गयाबाई म्हणाल्या आणि आपला हात पुढं केला. त्यांच्या मनगटावरही तशाच बांगड्या होत्या. गावात कुसुमबाईंच्या मुलीचं, आरतीचं, रविवारी लग्न होतं. सोमवारी सकाळी कासार येऊन लग्नघरातल्या आणि भावकीतल्या बायांना बांगड्या भरून गेला होता. भरताना एखादी बांगडी वाढतेच. तुकडा कुणाच्याही हाती लागला असता.

मी यादी केली. गयाबाईंनी नावं सांगितली: बांगड्या भरलेल्या बाया बारा. गयाबाई सोडून अकरा. या अकरांपैकी एकीला मला आजच्या आज, एकटीला भेटायचं होतं, आणि ते सुद्धा लग्नघरात, जिथं चार दिवसांवर लग्न आहे आणि संडासाबाहेरसुद्धा रांग आहे. तू टाकलास का, असं विचारत फिरले असते तर ज्या गुप्ततेसाठी सगळा खटाटोप, तीच मोडली असती.

युक्ती रेखाला सुचली. लग्नघरातल्या बायांचं रक्त तपासायचं. बोटाला टोचून हिमोग्लोबिन बघायला एकेकीला आत घ्यावं लागतं, दार लोटावं लागतं, आणि कुणाला शंका येत नाही. सामान माझ्या पिशवीत होतंच. अर्ध्या तासात आम्ही कुसुमबाईंच्या घरी, कोठीच्या खोलीत, साखरेच्या पोत्यावर दवाखाना मांडला. एका बाजूला पापडांच्या परड्या, दुसऱ्या बाजूला बुंदीच्या लाडवांची टोपली, मधे मी.

अशी तपासणी मी पुन्हा कधी केली नाही. टोचायच्या आधी सगळ्या घाबरत, आणि दार लोटलं की मन मोकळं करत. एकीने सांगितलं की तिला सहा मुलं झाली, पण नवऱ्याचं तोंड उजेडात नीट पाहिलं ते पहिल्यांदा मतदार कार्डावर. दुसरीने विचारलं, नवरा घोरतो म्हणून मी वेगळं झोपते, हे शास्त्रात बसतं का? मी म्हटलं, शास्त्राला झोप हवीच असते. एक सत्तरीची आजी आत आली, बोट पुढं केलं आणि म्हणाली, मला काही विचारायचं नाही, पण दार जरा वेळ लोटलेलं राहू द्या, बाहेर लय कामं सांगतात. ती लाडवाच्या टोपलीशेजारी दहा मिनिटं निवांत बसून गेली. दोन लाडू कमी झाले. नवरी आरतीसुद्धा येऊन गेली. चांगली बी.ए. झालेली मुलगी, पण तिच्या मैत्रिणीने तिला लग्नाबद्दल जे जे सांगितलं होतं त्यातलं निम्मं शरीराच्या रचनेत बसणारंच नव्हतं. मी तिला कागदावर आकृती काढून दाखवली. ती म्हणाली, एवढं सोपं आहे होय.

दहाजणी झाल्या. दहांतली एकही बांगडीचं बोलली नाही. प्रत्येकीला मी जाता जाता विचारलं होतं, आणखी काही? प्रत्येकीने मान हलवली होती.

अकरावी राहिली होती ती स्वतः कुसुमबाई. चारदा निरोप गेला. चारदा उत्तर आलं: वेळ नाही. तळणावर आहे, मांडववाल्याशी बोलते आहे, पाहुण्यांच्या गाद्या मोजते आहे. आरती म्हणाली, आई चार दिवसांपासून अशीच आहे, धड जेवत नाही, कुणाच्या समोर थांबत नाही. हे ऐकल्यावर मी उठले.

कुसुमबाई मागच्या अंगणात धुतलेली पातेली पुन्हा धूत होत्या. सेहेचाळीस वर्षांची उंच, हाडापेराने मजबूत बाई. घाम पुसत होत्या, आणि डिसेंबरची हवा तर चांगली गार होती. मी त्यांचा ओला हात हातात घेतला आणि हिरवा तुकडा तळव्यावर ठेवला.

 कुसुमबाई माझ्या मागोमाग कोठीच्या खोलीत आल्या. रेखाने दार लोटलं आणि बाहेर उभी राहिली.

“चवथा महिना लागायलाय मॅडम,” त्या म्हणाल्या. “रविवारी लेकीच्या डोक्यावर अक्षता पडायच्या अन् आईला दिवस गेलेत. जावयाच्या मान्सांपुढं कोन्त्या तोंडानं उभी राहू?”

आणि त्यांनी कमरेची पिशवी सोडून हळदीची एक पुडी काढली. पुडीत हळद नव्हती, गोळ्या होत्या. कुणा लांबच्या नातलग बाईकडून मागवलेल्या, वर नाव नाही, मात्रा नाही. संध्याकाळी घेणार होत्या. उद्यापासून पाहुणे येणार, घर भरलं की जमायचं नाही, म्हणून आजच. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. आधी मला विचारावं म्हणून तुकडा टाकला होता, पण सोमवार गेला, मंगळवार गेला, कुणी आलं नाही.

कुणी आलं नाही, कारण तुकडा चुलीमागे राखेत होता आणि मी परभणीत बैठकीत चहा पीत होते. हे मी त्यांना सांगितलं. मग पुडी मागितली. त्यांनी मूठ आवळली. मी रक्त चढवावं लागलेल्या त्या दुसऱ्या बाईची हकिगत नाव न घेता सांगितली. न तपासता अशा गोळ्या घेतल्या तर रक्त थांबत नाही, जिवावर बेततं, आणि रविवारी मांडवात आई नसते. मूठ हळूहळू सुटली. पुडी माझ्या पिशवीत आली.

मग मी तपासणीची पट्टी काढली. गरोदरपण बघायची साधी पट्टी, लघवीचे तीन थेंब टाकायचे आणि पाच मिनिटं थांबायचं. संडासाबाहेरची रांग मोडायला दाराबाहेर उभ्या रेखाने, कासार पुन्हा आलाय, अशी आवई उठवली. रांग पळाली. कुसुमबाई जाऊन आल्या, येताना रेखालाही आत घेऊन आल्या. पट्टी पापडांच्या परडीवर ठेवली, मी घड्याळ लावलं, आणि आम्ही तिघी तिच्याकडे टक लावून बसलो. मी समजावून सांगितलं: दोन रेघा आल्या तर दिवस आहेत, एकच आली तर नाहीत.

कुसुमबाई एवढ्या घाबरलेल्या होत्या की अर्धंच ऐकलं. पहिली रेघ उमटली तसा त्यांनी पदर तोंडाला लावला.

“आली की हो. एक तर आली,” त्या म्हणाल्या. “आता दुसरी आली म्हंजे जुळं का?”

रेखाने तोंड फिरवून भिंतीला लावलं. तिचे खांदे हलत होते. मी दात आवळून घड्याळ बघत होते, कारण अशा वेळी समुपदेशकाने हसू नये असं प्रशिक्षणात शिकवतात. तीन मिनिटं. चार. पाच. मी आणखी पाच थांबले, माझ्या सवयीने. रेघ एकच.

“कुसुमबाई, दिवस नाहीत,” मी म्हटलं. “तुमची पाळी जायला लागली आहे.”

त्यांना खरं वाटेना. मग मळमळ कशाची, त्यांनी विचारलं. मी विचारलं, दिवसाचे चहा किती होतात? मोजले नाहीत, म्हणाल्या. जो येतो त्याच्यासोबत घ्यावा लागतो. जेवण? ते राहतं. पोट फुगतं? फुगतं. रात्री घामाने जाग येते? येते. चिडचिड? त्यांनी दाराबाहेरच्या घराकडे हात केला: लग्नघर हाय, दुसरं काय होईल. मी माझं वय सांगितलं, एक्कावन्न. तीन वर्षांपूर्वी भर हिवाळ्यात कार्यालयात मला एवढं गरम व्हायचं की मी हजेरीपटाने वारा घ्यायचे आणि वरिष्ठांना वाटायचं मी हजेरी दाखवून धमकावतेय. पाळी एकदम जात नाही, चार महिने लपते, पुन्हा येते, असं करत करत जाते. मला सगळं ठाऊक असून मी सुद्धा एकदा गुपचूप ही पट्टी वापरली होती, हेही सांगितलं. ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हा कुसुमबाई हसल्या. आधी बारीक, मग पोट धरून. साखरेच्या पोत्यावर बसल्या, तिथून घसरून खाली. रेखा आता भिंत सोडून उघड हसत होती. मीही सोडून दिलं प्रशिक्षण. पापडांची एक परडी लवंडली. आरतीने दार ढकलून पाहिलं तर आई जमिनीवर, डोळ्यांतून पाणी, भोवती पापड. काय झालं म्हणून ती घाबरली. कुसुमबाईंनी सांगितलं, रक्त चांगलं निघालं.

दार पुन्हा लोटल्यावर मी उरलेली कामंही केली, कारण यादी पूर्ण झाल्याशिवाय मला उठवत नाही. सांगितलं, की एकच रेघ आली तरी पाळी चुकण्याची दुसरी कारणंही असतात, तेव्हा लग्नानंतर दवाखान्यात तपासायला यायचंच. आणि सलग बारा महिने पाळी आली नाही तरच ती गेली म्हणायचं, तोवर काळजी घ्यायची.

“म्हंजे अजून वरीसभर फिकीर करायची,” त्या म्हणाल्या, आणि लाजल्या. सेहेचाळीस वर्षांची बाई, चार दिवसांत सासू होणारी, अशी लाजली की मला तिच्या नवऱ्याला एकदा बघावंसं वाटलं. जरा वेळाने हळू आवाजात विचारलं, मग मी आता म्हातारी झाले का? मी म्हटलं, नाही, फक्त एक हिशेब संपत आला, बाकी सगळं आहे तसंच आहे. पुष्कळ बायांना तर यानंतर मोकळं वाटतं.

रविवारी मी लग्नाला गेले. कुसुमबाई मांडवभर फिरत होत्या. पंधरा दिवसांनी, दिलेल्या तारखेला, त्या लाडू घेऊन दवाखान्यात तपासायला आल्या. सगळं ठीक निघालं. हे लिहिण्याची परवानगीही त्यांनीच दिली. म्हणाल्या, लिवा, पन वांग्याची भाजी झकास झाली व्हती ते बी लिवा. झकास झाली होती. माणसांची नावं मी बदलली आहेत. म्हशीचं तेवढं खरं आहे.

पण मला खरं सांगायचंय ते त्याच बुधवारचं, परतीच्या वेळचं. आम्ही रेखाच्या घरी आलो तेव्हा गयाबाई चंद्रीपुढं गव्हाण झाडत होत्या. लग्नघरात काय झालं ते आम्ही सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. त्यांना वेगळीच उत्सुकता होती. सकाळी मी सरकीचं ऐकून पेन का खाली ठेवलं? सरकीचा अर्थ काय?

मी सांगितला. सांगताना माझ्या लक्षात आलं की या बाईला आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. डबा त्यांच्या घरात राहतो, त्यांची सून तो फिरवते, आणि त्यांना धान्याची खूण माहीत नाही, कारण माझ्या छापील यादीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बाया आहेत. त्यापुढं रकाना नाही. गयाबाई पासष्ट पार केलेल्या. त्यांच्यापुढं डबा कधी धरलाच गेला नव्हता. आणि मी स्वतः एक्कावन्नची, माझ्याच यादीतून वर्षभरापूर्वी बाहेर पडलेली. इतके रकाने भरले, हे कधी डोळ्यांना दिसलं नाही.

गयाबाईंनी ऐकून घेतलं. ओंजळभर सरकी आठवून आधी खुदकन हसल्या.  मग वाकून गव्हाणीच्या कोपऱ्यात बोटांनी चाचपलं, चंद्रीकडून सुटलेलं एक बी काढलं, पदराला पुसलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

“एक माजी बी लिवा,” त्या म्हणाल्या.

मी विचारलं, काय विचारायचंय? त्यांनी सुनेकडे पाहिलं. मग ओट्यावर पाहिलं. तिथं त्यांचे यजमान, पांढऱ्या मिशांचे, डोळे मिटून बसले होते. झोपेचं सोंग होतं, कारण मिशी हसत होती.

“सुनंम्होरं न्हाई,” गयाबाई म्हणाल्या. “अन् ह्येंच्याम्होरं तर मुळीच न्हाई.”

जानेवारीत गेले तर म्हातारबाबा ओट्यावरून हलेनात. त्यांनाही ऐकायचं होतं. फेब्रुवारीत गयाबाई हरभरा काढायला गेल्या होत्या. मार्चमध्ये मी रक्तदाब बघण्याच्या निमित्ताने त्यांना गोठ्यामागे नेलं. म्हातारबाबांना रेखाने दुकानात पाठवलं होतं. फक्त आम्ही दोघी आणि चंद्री. गयाबाईंनी बांगड्या मागे सारल्या, पदर नीट केला आणि सुरुवात केली, “म्या काय इचारनार व्हते मॅडम, तर आता या वयात…”

आणि मी घड्याळ पाहिलं. टमटम सुटायला सहा मिनिटं होती. मी फक्त पाहिलं, उठले नाही, काही बोलले नाही. पण त्यांनी ते टिपलं. बांगड्या पुढं घेतल्या आणि म्हणाल्या, जावा तुमी, गाडी चुकंल. मी आग्रह केला, पण त्या हसून उठल्या. मागून चंद्री माझ्याकडे बघत होती. तिने त्या दिवशी ओंजळभर सरकी घड्याळ न बघता ऐकून घेतली होती.

तेव्हापासून मी त्या गावात जाताना घड्याळ पिशवीत ठेवते. सरकीचा तास आता पहिला असतो, रक्तवाढीच्या गोळ्या नंतर. वयाच्या रकान्याखाली मी हाताने रेघ मारून आणखी चार घरं आखली आहेत. त्यातल्या पहिल्या घरात गयाबाईंचं बी पारदर्शक पट्टीने चिकटवलेलं आहे. शेजारच्या घरात, जिथं मी काम झाल्यावर बरोबरची खूण करते, तिथं अजून काही नाही.